विश्लेषण : दिल्लीच्या वेशीवरील ट्रक; बंदी आहे, पण थांबायला जागा नाही

नवी दिल्ली : राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात साइडपट्टीवर उभ्या असलेल्या ट्रकवर मागून वाहन आदळण्याच्या घटना दर हिवाळ्यात घडतात आणि प्रत्येक वेळी चौकशीचा रोख ट्रकचालकाच्या निष्काळजीपणापाशी येऊन थांबतो. निष्काळजीपणा अनेकदा असतोही. मात्र ट्रक त्या जागी का उभा होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी राजधानीच्या प्रवेशनियमांत सापडते.

कोंडी आणि प्रदूषण आवरण्यासाठी दिल्लीत अवजड मालवाहनांच्या दिवसाच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत. चाकणहून यंत्रांचे सुटे भाग घेऊन दिल्लीतील गोदामाकडे निघालेला ट्रक सकाळी वेशीवर पोहोचला आणि त्याच्याकडे विशेष परवानगी नसली, तर त्याला रात्रीची वाट पाहावी लागते. सिंघू, टिकरी, रजोकरी, बदरपूर आणि गाझीपूर या प्रवेशमार्गांच्या अलीकडे उभ्या राहणाऱ्या रांगांमागे हेच मुख्य कारण आहे.

पूर्व आणि पश्चिम परिघीय द्रुतगती मार्ग २०१८ मध्ये वाहतुकीस खुले झाले. सुमारे १३५ किलोमीटर लांबीच्या या दोन मार्गांमुळे हरियाणातून उत्तर प्रदेशाकडे जाणाऱ्या ट्रकला राजधानीत शिरण्याची गरज उरली नाही. परंतु ज्याचा माल दिल्लीतच उतरायचा आहे, त्याचा प्रश्न या मार्गांनी सुटला नाही.

हिवाळ्यात त्यात भर पडते. हवा अतिगंभीर पातळीवर गेल्यास श्रेणीबद्ध कृती आराखड्याचा चौथा टप्पा लागू होतो आणि अत्यावश्यक माल अथवा स्वच्छ इंधनावरील व बीएस-६ वाहने वगळता ट्रकना प्रवेश नाकारला जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये या बंदीच्या अंमलबजावणीवर सर्वोच्च न्यायालयाने तीव्र नाराजी व्यक्त केली आणि दिल्लीच्या ११३ प्रवेशमार्गांची पाहणी करण्यासाठी वकिलांची नियुक्ती केली. ट्रक आत गेले काय, याची तपासणी झाली. जे आत गेले नाहीत ते कुठे थांबले, हा विषय मात्र मागे राहिला. धुके व धुरक्यामुळे समोरचे दिसणे कठीण होते, नेमक्या त्याच दिवसांत वेशीबाहेर थांबणाऱ्या ट्रकची संख्या वाढते.

उभा ट्रक अंधारात दिसतो तो केवळ मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्यांमुळे. बॅटरी उतरेल म्हणून दिवे बंद ठेवले जातात, पट्ट्या चिखलाने माखलेल्या असतात आणि इशाऱ्याच्या त्रिकोणाऐवजी दगड किंवा झाडाची फांदी ठेवली जाते. ट्रक निघून गेल्यावर तो दगड तसाच रस्त्यात राहतो. मोटार मागून आदळल्यास तिचे बॉनेट ट्रकखाली शिरते आणि आघात थेट काचेवर होतो. तो रोखण्यासाठी मागे मजबूत संरक्षक पट्टी बसवणे नियमांनुसार बंधनकारक आहे. तरीही वाकलेल्या, तुटलेल्या पट्ट्यांचे ट्रक रस्त्यावर दिसतात.

चालकाची बाजूही पाहावी लागेल. निर्जन जागी ट्रक लावल्यास डिझेल आणि मालाच्या चोरीची भीती असते, म्हणून तो उजेड असलेल्या ढाब्यासमोर थांबतो. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार दिवसाला आठ तास कामाची मर्यादा होती. पण रस्त्याकडेला मालाची राखण करत काढलेला दिवस म्हणजे विश्रांती नव्हे. त्या दिवसानंतर रात्री हाच चालक अवजड वाहन घेऊन शहराच्या वस्तीत शिरतो.

धोकादायक स्थितीत वाहन उभे करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार मनाई आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये सार्वजनिक मार्गात अडथळा आणल्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र पर्यायी जागा नसेल, तर दंड भरलेला ट्रक पुढच्या किलोमीटरवर पुन्हा थांबतो. राजस्थानातील फलोदी येथे २ नोव्हेंबर २०२५ रोजी उभ्या ट्रेलरवर प्रवासी वाहन आदळून १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महामार्गांवर चालकांसाठी एक हजार विश्रांतिगृहे उभारण्याची घोषणा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली होती. राजधानीच्या वेशीवर अशा सोयींची गरज सर्वाधिक आहे.

अडचण अधिकारक्षेत्राची आहे. बंदीचा लाभ दिल्लीला मिळतो, तर थांबलेल्या ट्रकचा भार सोनीपत, बहादूरगड, गुरुग्राम, फरीदाबाद आणि गाझियाबादवर पडतो. संपूर्ण क्षेत्राच्या हवेसाठी २०२१ च्या कायद्याने आयोग नेमता आला, तर ट्रकतळांसाठीही दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांना एकत्र नियोजन करता येईल. प्रवेशबंदीच्या प्रत्येक आदेशात ट्रकने कुठे थांबावे, हेही नमूद असणे आवश्यक आहे. तोवर राजधानीच्या रस्त्यांवरून हटवलेला धोका शेजारच्या जिल्ह्यांच्या साइडपट्टीवर उभाच राहील.