मकरानची वाट व हिंगलाजमाता

पाण्यावांचून वाट चालणें म्हणजे काय, याची कल्पना आमच्या अड्याळकडील मंडळींस सहसा येत नाहीं. भंडारा जिल्हा तळ्यांचा व धानाचा. आज मात्र वाचकांस आम्ही अगदीं उलट प्रदेशाकडे नेऊं इच्छितों. सिंधच्या पश्चिमेस, अरबी समुद्राच्या कांठीं, बलुचिस्तानांतील मकरान पसरला आहे. एका बाजूस अथांग समुद्र, दुसऱ्या बाजूस उघडे डोंगर व वाळू. पिण्याचें पाणी मात्र दुर्मिळ!

इ. स. पू. ३२५ मध्यें शिकंदर हिंदुस्थानांतून परततांना याच बाजूनें गेला. समुद्रमार्गानें येणाऱ्या निआर्कसच्या आरमारासाठीं किनाऱ्यावर अन्नपाण्याची तजवीज करावी, हा त्याचा एक हेतु होता. परंतु एरियन सांगतो कीं, ओरापासून पुरापर्यंत पोंचण्यास साठ दिवस लागले; तहानेनें व उन्हानें माणसें आणि जनावरें वाटेंतच पडलीं.

अशा मुलुखांत आपले यात्रेकरू उंटाच्या सोबतीनें पायीं जात असत. कारण तेथें हिंगोळ नदीच्या खोऱ्यांत हिंगलाजमातेचें स्थान आहे. सतीचें ब्रह्मरंध्र येथें पडलें, अशी शक्तिपीठांची कथा आहे. घडविलेली मूर्ति नाहीं. गुहेंत शेंदूर माखलेली शिळा, एवढेंच दैवत. वाटेंत चंद्रगुप नांवाचा चिखल ओकणारा डोंगर लागतो. त्यास नारळ वाहून मग पुढें जावयाचें. तेथील मुसलमानहि या स्थानास 'नानी' म्हणून मान देतात. महाराष्ट्रांतील भावसार मंडळींची ही कुलदेवता होय. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतच असल्यामुळें त्यांस कराची परकी नव्हती.

२००४ सालीं कराचीकडून ग्वादरकडे जाणारा, सुमारें ६५० किलोमीटरांचा किनाऱ्याचा रस्ता पुरा झाला. कराचीपासून हिंगलाज सुमारें २५० किलोमीटर. पूर्वीं जेथें कित्येक दिवस लागत, तेथें आतां मोटार कांहीं तासांत पोंचते. सिंधमधील हजारों हिंदु चैत्राच्या सुमारास दर्शनास जातात. २००६ सालीं जसवंतसिंह हेहि यात्रेकरूंसह मुनाबावच्या वाटेनें मोटारींतून तेथें जाऊन आले. त्याच वर्षीं मुनाबावची आगगाडी पुन्हां सुरू झाली. ती २०१९ त थांबली, आणि २०२५ च्या एप्रिलांत अटारीची वाटहि बंद करण्यांत आली. म्हणजे वाळूची अडचण सरली, तों सरहद्दीची उभी राहिली !

राज्याराज्यांतील कलह आपल्या हातचे नव्हेत. परंतु ज्या घरीं ही कुलदेवता आहे, तेथील मुलांस तिचें नांव ठाऊक असतें, स्थान मात्र ठाऊक नसतें, ही हानि घरच्या घरीं टाळतां येण्याजोगी आहे. वडील मंडळींनीं एकदां नकाशा उलगडून कराचीपासून पश्चिमेकडे बोट फिरवावें, हिंगोळचें मुख दाखवावें आणि पूर्वजांच्या यात्रेच्या ज्या आठवणी कानांवर आल्या असतील, त्या वहींत उतरवून ठेवाव्या. वाट पुढेंमागें मोकळी होईल. तेव्हां जाणाऱ्यास आपण कोठें व कशासाठीं जात आहों, हें ठाऊक असलें पाहिजे.