होल्याचे घरटे



गेल्या वसंतात आम्ही नातीसह शारजाच्या बालवाचन महोत्सवास गेलो होतो. 2009 पासून भरणाऱ्या या महोत्सवात सचित्र पुस्तकांची नुसती रेलचेल असते. ज्या नगरीस युनेस्कोने 2019 सालासाठी जागतिक ग्रंथराजधानीचा मान दिला, तिला ते शोभूनही दिसते. नातीने पक्ष्यांच्या घरट्यांवरील तीन पुस्तके निवडली. तिन्हींत घरटे एकाच साच्याचे : हिरव्यागार वृक्षाच्या बेचक्यात वाटीसारखे गोल, आत निळसर अंडी.

दुबईस चिरंजीवांच्या घरी परतून पाहतो तो सज्जातील वातानुकूलन यंत्राच्या पेटीवर होल्याने संसार थाटलेला! दहापंधरा काड्या, तारेचा एक तुकडा आणि दोन पांढरी अंडी. नातीने पुस्तक उघडून ताडून पाहिले व निकाल दिला, "आजोबा, हे घरटे नाही, कचरा आहे." सूनबाईंचे मत फारसे निराळे नव्हते. यंत्र दुरुस्त करणारा कारागीर दोन दिवसांनी यावयाचा होता आणि उन्हाळा दाराशी येऊन ठेपला होता.

पुस्तकांना दोष तरी कसा द्यावा? आमच्या बालपणी काऊचे घर शेणाचे व चिऊचे मेणाचे होते. पक्षिशास्त्र तेथेही नव्हते. बहिणाबाईंनी खोप्याचे सारे श्रेय सुगरण मादीला दिले, वास्तविक तो विणतो नर. तथापि या देशातील मुलांना येथील घरटी चित्रांत दिसावीत, एवढी अपेक्षा गैर नव्हे. होला काड्यांचा असा विरळ माच रचतो की खालून अंडी दिसावीत. जांभळ्या सूर्यपक्ष्याची मादी कोळ्याच्या जाळ्याने सांधून लोंबती पिशवी करते. टिटवी तर उघड्यावर खड्यांतच अंडी घालते आणि भर उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती गार ठेवते. यावर कोण्या चित्रकाराने पुस्तक करावे!

असो. त्या रात्री आम्ही अनुवादाच्या 22 व्या अध्यायातील आज्ञा काढली : अंड्यांवर वा पिलांवर बसलेल्या मातेस धरू नये, तिला जाऊ द्यावे. अबुधाबीत 2023 साली उघडलेले सिनेगॉग ज्या मोशे बेन मैमोन यांच्या नावाचे आहे, त्यांनी 'मोरे नेवुखिम'मध्ये या आज्ञेचे मर्म सांगितले आहे. पिलांविषयीची माया बुद्धीतून उपजत नाही. म्हणून मातेचे दुःख मनुष्यात व पशूत सारखेच. आणि आज्ञा पाळू जाता माणूस बहुधा अवघे घरटेच सोडून देतो.

सूनबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. परंतु त्यांचे मन वळविले ते दुसऱ्याच दाखल्याने. 2020 च्या ऑगस्टमध्ये दुबईचे युवराज शेख हमदान यांच्या मोटारीवर पक्ष्याने घरटे केले, तेव्हा त्यांनी ती मोटार वापरणे थांबविले होते. त्याचे चलच्चित्र नातीने आईला दाखविले.

कारागिरास महिन्याने येण्यास सांगितले. तोवर आम्ही पाचही जण एकाच खोलीत निजलो. चिरंजीवांची कुरकुर काही थांबली नाही. तेराव्या दिवशी एक पिलू बाहेर आले, दुसरे अंडे वांझ निघाले. नातीने पुस्तकातील कोऱ्या पानावर काड्या काढल्या, तारेचा तुकडा काढला, आणि खाली देवनागरीत लिहिले, 'होला'. मात्र 'ह'ला काना द्यावयाचा की मात्रा, हे तिने तीनदा विचारले.