चावी अडकली, बिल फुगले



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. तिचे पती स्वतःची गाडी भाड्याने चालवून घर चालवतात. गाडी आठ वर्षांची, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. एके सकाळी चावी फिरेना आणि स्टिअरिंगही हलेना. गाडी टोइंग करून वर्कशॉपला नेली. तिथे सांगितले, स्टिअरिंग लॉक गेले आहे, पूर्ण कॉलम बदलावा लागेल. खर्चाचा आकडा त्यांच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा. ओळखीतल्या एकाने सल्ला दिला, "कशीतरी चालू करून घ्या आणि काही न बोलता विकून टाका." भगिनी विचारते, खर्च खरोखर एवढा असतो का? आणि हा सल्ला मानावा का?

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पहिला प्रश्न पैशाचा आहे, दुसरा हलाल कमाईचा. क्रमाने पाहू.

स्टिअरिंग लॉक म्हणजे गाडीच्या दाव्याची गाठ. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपल्या घरात लहान मुलांनाही ठाऊक असते. हे लॉक तेच काम करते. चावी काढून चाक थोडे फिरवले की एक पोलादी पिन स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत जाऊन बसते. चोराने काच फोडून, तारा जोडून इंजिन चालू केले तरी त्याला गाडी वळवता येत नाही. ब्रिटनमध्ये १९७१ पासून नव्या मोटारींना असे लॉक सक्तीचे झाले. आज आपल्याकडेही जवळपास प्रत्येक मोटारीत ते असते.

आता बिघाडाकडे वळू. चावी फिरत नाही म्हणजे लॉक गेलेच, असे नाही. गाडी चढावर किंवा फुटपाथला चाक टेकवून उभी असेल तर पिनेवर ताण येतो आणि चावी अडते. अशा वेळी चावीवर जोर लावू नये, ती आतच तुटते. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलके हलवत दुसऱ्या हाताने चावी फिरवावी. बहुतेक वेळा पिन सुटते. एवढ्याने झाले नाही तर घरातली दुसरी चावी लावून पाहावी. रोजच्या वापराने चावीचे दात झिजतात. कपाटातल्या चावीने गाडी लगेच चालू झाली तर दोष लॉकचा नाही, चावीचा आहे, आणि नवी चावी कापून घेणे हे लॉक बदलण्यापेक्षा फार स्वस्त असते.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत पिन मागे घेण्याचे काम एक छोटी मोटर करते. तिथे आधी बॅटरी तपासावी. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. ती १२ च्या खाली गेली असेल तर मोटरला बळ मिळत नाही आणि डॅशबोर्डवर लॉकची खूण पेटते. मग लॉक ठीक असूनही दोष त्याच्यावर येतो. रिमोटमधला सेलही संपलेला असू शकतो. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून धरला की गाडी चालू होते. एवढे तपासल्याशिवाय गाडी टोइंगला देऊ नये.

लॉक खरेच गेले असेल तर खर्च कशावर अवलंबून असतो? साध्या चावीच्या गाडीत बहुतेक वेळा आतला बॅरल झिजलेला असतो. एकटा बॅरल बदलता येतो. मात्र कंपनी सहसा पूर्ण लॉकसेट देते, म्हणजे दरवाजे आणि डिकीच्या लॉकसकट, सगळ्याला एकच चावी चालावी म्हणून. दोन चाव्या बाळगायची तयारी असेल तर फक्त बॅरल बदलून बरेच पैसे वाचतात. मजुरी जास्त का लागते, त्याचेही कारण आहे. लॉक ज्या बोल्टने बसवतात त्याचे डोके बसवतानाच मुद्दाम तोडलेले असते, म्हणजे चोराला ते पान्याने उघडता येऊ नये. तो बोल्ट मेकॅनिकला ड्रिलने काढावा लागतो. त्यातच चावीत इमोबिलायझरची चिप असेल तर नव्या चावीची गाडीच्या कॉम्प्युटरशी ओळख करून द्यावी लागते, त्याचे पैसे वेगळे.

इलेक्ट्रॉनिक लॉकचे दुखणे जास्त महाग. आतली मोटर झिजते किंवा पिन कुठे आहे हे सांगणारा बारीक स्विच बिघडतो. वस्तू छोटी, पण पूर्ण युनिट बंद डब्यात येते आणि त्या एकाच गाडीशी जोडलेले असते. दुसऱ्या गाडीचे जुने युनिट आणून लावले तरी गाडी ते सहज ओळखत नाही. काही मॉडेलमध्ये हे युनिट कॉलमसकटच बदलतात. २००७ नंतरच्या मर्सिडीज सी-क्लासच्या एका पिढीत हा दोष जगभर गाजला. महाग गाडीलाही तो सुटला नाही.

काही कारागीर युनिट उघडून आतली मोटर किंवा सर्किट दुरुस्त करतात. कारागीर जाणकार असेल तर हा मार्ग चांगला. काहीजण मात्र लॉकच्या जागी एक नकली सर्किट बसवतात, म्हणजे गाडीला लॉक आहे असे वाटत राहते, पण पिन कायमची मागे राहते. गाडी चालते, पण तिचे दावे सुटलेले असते. असे करण्याआधी विमा कंपनीला विचारावे, नाहीतर चोरीच्या दाव्याच्या वेळी वाद होतो.

आता आपल्या हक्कांविषयी. वर्कशॉपने आकडा सांगितला की घाबरून होकार देऊ नये. लेखी अंदाजपत्रक मागावे. त्यात सुटा भाग, त्याचा पार्ट नंबर, मजुरी आणि जीएसटी वेगळे लिहून घ्यावे. कोणती तपासणी केली आणि मशीनवर कोणता कोड आला, तेही विचारावे. "लॉकऐवजी पूर्ण कॉलम का?" याचे उत्तर लेखी मागितले की कधी कधी आकडाच बदलतो. काढलेला जुना भाग परत मागावा. मग ओळखीच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये दुसरे मत घ्यावे.

बाहेरच्या गॅरेजला भाग मिळत नाहीत, ही अडचण जुनी आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात न देऊन ग्राहकाला आपल्याच वर्कशॉपला बांधून ठेवणे, हा आरोप होता. कंपन्या अपिलात गेल्या, पण आयोगाने ग्राहकाची तक्रार खरी मानली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२२ च्या अखेरीस केंद्राच्या ग्राहक विभागाने 'राइट टू रिपेअर' नावाचे पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला आणि बाहेरच्या कारागिराला मिळावी, हा त्यामागचा हेतू.

बिलात फसवणूक झाली असे वाटले तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. भाड्याने गाडी चालवणाऱ्याला "तुम्ही व्यावसायिक आहात, ग्राहक नाही" असे सांगून परत पाठवू पाहणारे भेटतात. पण स्वतः चालवून त्यावर पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायदा व्यावसायिक वापर मानत नाही. पत्रलेखिकेच्या पतींनी हे ठामपणे सांगावे.

विम्याबद्दल गैरसमज नको. झीज किंवा यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत येत नाही. चोराने लॉक फोडले तर नुकसानीची भरपाई मिळते. टोइंग आणि हरवलेली चावी यांसाठी वेगळी ॲड-ऑन घ्यावी लागते. चोरीचा दावा करताना विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी जपून ठेवा.

आता दुसरा प्रश्न. दोष लपवून विकावे का? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. पावसाचा दोष त्याच्यावर नव्हता. ओले धान्य वर न ठेवता खाली दडवले, हा त्याचा दोष होता. आपल्या गाडीचे लॉक झिजले हाही गुन्हा नाही. ते दडवून विकले तर मात्र ती राशीतली ओल झाली. फिकहमध्ये लपवलेला दोष उघड झाल्यावर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला दिला आहे. आपल्या देशाच्या १८७२ च्या करार कायद्यातही ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम दडवणे ही फसवणूकच आहे.

शिवाय ही गाडी घेणारा कोण असेल? त्यांच्यासारखाच, हप्ते भरणारा, कुटुंब घेऊन निघणारा माणूस. घाटात पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय अनेकांना आहे. इंजिन बंद झाले की पॉवर स्टिअरिंग जड होते, ब्रेकचा जोर कमी होतो. त्यात चावी निघाली किंवा झिजलेला बॅरल चालता चालता लॉकच्या जागेवर आला तर वळणावर चाक जाम होते. लपवलेल्या दोषाची किंमत मग रुपयांत मोजता येत नाही.

विकायचीच असेल तर दोष सांगून, तेवढी रक्कम कमी करून विकावी आणि विक्रीच्या कागदावर दोन ओळी लिहाव्यात. चार पैसे कमी येतील, पण त्यात बरकत असेल.

एक शब्द आपल्या कारागीर भावांसाठी. गॅरेज, चावी बनवणे, डेंटिंग-पेंटिंग या धंद्यांत आपली कितीतरी मुले आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. बॅरल साफ करून भागत असताना नवा विकू नये. बिलाशिवाय आलेले लॉक घेऊ नये, ते चोरीच्या गाडीचे असू शकते. सुरा मुतफ्फिफीनमधला इशारा फक्त तराजूवाल्यांसाठी नाही, तो पाना धरणाऱ्या हातालाही लागू आहे. आणि ग्राहकांनीही प्रामाणिक कारागिराची मजुरी घासाघीस करून अडवू नये.

शेवटी घरातल्या सवयी. गाडीच्या चावीला घराच्या, कपाटाच्या चाव्यांचा जुडगा लावू नका, त्या वजनाने बॅरल झिजतो. लॉकमध्ये खाद्यतेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते; ग्रॅफाइट पावडर वापरा. उभ्या गाडीत मुलांना स्टिअरिंगशी खेळू देऊ नका. चावी एकदा जरी अडखळली तरी त्याच आठवड्यात दाखवा, कारण अडखळणारा बॅरल स्वस्तात दुरुस्त होतो आणि जाम झालेला रस्त्यावर उभे करतो.