दुसरा कोच

खेळावरचे सिनेमे आपल्याकडे वर्षातून दोनदा हमखास लावले जातात. एकदा गॅदरिंगच्या आधी स्पोर्ट्स सुरू होतात तेव्हा, आणि एकदा पीएलमध्ये, अभ्यासाला बसायचा मूड यावा म्हणून! 'चक दे इंडिया'तलं सत्तर मिनिटांचं भाषण तर होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर कुणाला ना कुणाला पाठ असतं. माझी तक्रार त्या भाषणाबद्दल नाही. ते ऐकून माझ्याही अंगावर काटा येतो. तक्रार आहे ती अशा सिनेमांमध्ये दुसऱ्या कोचचं जे काही होतं त्याबद्दल.

म्हणजे बघा, कोचवरच्या सिनेमात एक कोच हिरो असतो. तो बहुतेक वेळा बाहेरचा, हेकट, दुनियेनं झिडकारलेला. आता त्याचं मोठेपण दिसायचं तर समोर कुणीतरी खुजा हवा. मग येतो दुसरा कोच, सरकारी छापाचा, मत्सरी, नाहीतर नुसताच ठोंब्या. 'इक्बाल'मध्ये (2005) नसीरुद्दीन शहाचा दारुडा मोहित हिरो आणि गिरीश कार्नाडांचे अकॅडमीवाले गुरुजी पैशापुढे झुकणारे. छान सिनेमा आहे आणि त्यात कुणाचंच काही बिघडत नाही, कारण ते गुरुजी फक्त पडद्यावर आहेत. 'जेरी मॅग्वायर'चंही (1996) तसंच. त्यात टॉम क्रूझचे क्लायंट पळवणारा एजंट बॉब शुगर कितीही नालायक असला तरी तो कागदावरचा नालायक आहे. खरी गडबड होते ती 'सत्यकथेवर आधारित' ही पाटी लागली की.

'दंगल' (2016) घ्या. गीता फोगाट खरी, महावीर फोगाट खरे, 2010 ची दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा खरी, 55 किलो गटातलं सुवर्णपदक खरं. नॅशनल कोच मात्र प्रमोद कदम. (आडनाव कदम आणि काम करणारा आपला गिरीश कुलकर्णी, म्हणजे खलनायकही मराठीच सापडला!) हा कदम ऐन फायनलच्या वेळी महावीरना एका खोलीत कोंडून ठेवण्याची व्यवस्था करतो. मुलगी मॅटवर, बाप अंधारात. थिएटरमध्ये लोकांनी कदमला शिव्या घातल्या.

प्रत्यक्षात असं काही झालंच नाही. कुणी कुणाला कोंडलं नव्हतं. पडद्यावर शेवटच्या सेकंदाला फिरणारी ती फायनलसुद्धा गीतानं ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडविरुद्ध 1-0, 7-0 अशी आरामात जिंकली होती. आणि त्या वेळी आपल्या महिला कुस्ती संघाचे कोच होते प्यारा राम सोंधी. सिनेमा आल्यावर त्यांनी जाहीरपणे नाराजी सांगितली. आता तुम्ही म्हणाल, अरे पण नाव बदललंय ना! बदललंय, पण उपयोग काय? गाव खरं, साल खरं, स्पर्धा खरी, मुलगी खरी, आणि त्या साली त्या संघाचा कोच कोण होता हे कुणीही दोन मिनिटांत शोधून काढेल. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर समीकरणातल्या बाकी सगळ्या किमती दिल्या आणि एकच एक्स ठेवला. तो एक्स काढायला कितीसा वेळ लागतो?

'मनीबॉल' (2011) तर आपल्या जातीचा सिनेमा. आकडे, स्प्रेडशीट, आणि म्हाताऱ्या स्काउट लोकांना गप्प करणारा एक जाडा पोरगा. मलाही तो फार आवडतो. ब्रॅड पिटचा बिली बीन हा ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू विकत घेणारा. बेसबॉलमध्ये नुसता 'मॅनेजर' म्हटलं की तो आपल्या भाषेतला कोच, मैदानावर टीम चालवणारा. तो होता आर्ट हाउ. 2002 मध्ये या टीमनं लागोपाठ 20 मॅच जिंकल्या, सीझनमध्ये एकूण 103. आदल्या वर्षी 102. दोन्ही वर्षी मैदानावर हाउच. आणि सिनेमात? फिलिप सीमूर हॉफमननं रंगवलेला हाउ म्हणजे हाताची घडी घालून बसलेला, कॉम्प्युटरवाल्यांचं ऐकायचंच नाही असं ठरवलेला एक फुगलेला माणूस. खऱ्या हाउला हे अजिबात आवडलं नाही आणि तसं तो उघड बोललाही.

गंमत पुढे आहे. तो आकडेवाला पोरगा ज्याच्यावरून घेतला, त्या पॉल डिपोडेस्टाला आपलं चित्रण पटलं नाही. त्यानं आपलं नाव वापरू दिलं नाही, म्हणून सिनेमात तो पीटर ब्रँड झाला. हाउचं नाव मात्र जसंच्या तसं. म्हणजे ज्याला हुशार दाखवलंय त्याचं नाव बदललं आणि ज्याला ठोंब्या दाखवलंय त्याचं ठेवलं! शिवाय त्या टीमकडे हडसन, मल्डर आणि झिटो असे तीन जबरदस्त पिचर होते. झिटोला त्या वर्षी साय यंग अ‍ॅवॉर्ड, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान मिळाला. सिनेमात त्यांचा जवळजवळ पत्ताच नाही, कारण ते दाखवले तर स्प्रेडशीटची जादू थोडी कमी होते ना!

सिनेमा म्हणजे डॉक्युमेंटरी नव्हे, हे मला मान्य आहे. दोन तासांत बसवायचं तर काटछाट होणार, पाच माणसांचा एक होणार. पण काटछाट वेगळी आणि एखाद्यानं न केलेलं पाप त्याच्या पदरात घालणं वेगळं. सोंधी किंवा हाउ काही सुपरस्टार नाहीत. त्यांच्यावर दुसरा सिनेमा निघणार नाही. लोकांच्या डोक्यात त्यांची जी प्रतिमा बसली ती बसली. सुरुवातीला दोन सेकंद दिसणारी ती बारीक अक्षरातली पाटी कोण वाचतं? तेव्हा आपण पॉपकॉर्न घेऊन सीट शोधत असतो.

त्या मानानं 'चक दे'वाले (2007) शहाणे. कबीर खान काल्पनिक, टीम काल्पनिक, वर्ल्ड कपही काल्पनिक. तरी तिथेही एक माणूस हरवलाच. सिनेमा आल्यावर सगळीकडे मीररंजन नेगींचं नाव झालं. 1982 च्या दिल्ली एशियाडच्या फायनलमध्ये पाकिस्तानकडून 1-7 हरलेल्या टीमचे ते गोलकीपर. त्यानंतर त्यांनी जे सोसलं ते पाहता हे कौतुक त्यांना मिळालं याचा आनंदच आहे. पण 2002 मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या मुलींचे नेगी गोलकीपिंग कोच होते. मुख्य कोच होते महाराज कृष्ण कौशिक. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातले खेळाडू, 1998 च्या बँकॉक एशियाडमध्ये सोनं जिंकणाऱ्या पुरुष संघाचेही कोच. 2021 मध्ये ते कोविडनं गेले. आपल्या कॉलेजात कबीर खान कोण हे विचारा, शंभरातले शंभर सांगतील. कौशिक कोण म्हटलं तर विचारतील, कुठल्या ब्रँचचा?

खरं तर सिनेमा तिथेच आहे. एकाच ड्रेसिंगरूममध्ये दोन कोच. एक मॉस्कोचं सोनं घेऊन आलेला, दुसरा दिल्लीचे सात गोल घेऊन आलेला. समोर इंग्लंडविरुद्धची फायनल, 2-2 बरोबरी, आणि ममता खरबचा तो गोल्डन गोल. यात कुणाला खोलीत कोंडायचीसुद्धा गरज नाही. कुणी काढला तर पहिल्या शोचं तिकीट माझं.