मंत्रांचे मूळ

मार्व्हल कॉमिक्समध्ये जादूचे मूळ पृथ्वीच्या आदिदेवांपाशी पोहोचते. त्यांतल्या थॉनने काळी विद्या लिहून ठेवली, तीच ‘डार्कहोल्ड’. 1963 मध्ये अवतरलेला डॉक्टर स्ट्रेंजही विशांती या दैवत्रयीचा धावा करतो. मराठीत अशी मांडणी मालूकवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या 1819 च्या चाळीस अध्यायी पोथीत आहे, आणि ती अधिक रसाळ आहे. सप्तशृंगीवर तप करणाऱ्या मच्छिंद्रनाथाला अंबिका मार्तंड पर्वतावरचा नागवृक्ष दाखवते. तिथली दैवते प्रसन्न झाल्यावरच साबरी ही मंत्रविद्या फळते. पुढे मच्छिंद्रनाथाचा शिष्य बाळ गोरक्ष संजीवनी मंत्र घोकत चिखलाचा पुतळा घडवतो, तो जिवंत होतो, तेच गहिनीनाथ. सुपरहिरोंत रमणाऱ्या मुलांना ही पोथी जरूर वाचून दाखवावी.