लूसी आणि तिची घरमालकीण

दोन बायकांचं कधी पटत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ‘आय लव्ह लूसी’ जरूर पाहावी. १९५१ ते १९५७ चाललेल्या या अमेरिकन मालिकेच्या नावातला ‘आय’ म्हणजे लूसीचा नवरा, रिकी. प्रेमाची पाटी त्याची. उचापतींत जोडीला मात्र एथेल. आणि ही एथेल कोण? चक्क घरमालकीण! भाडेकरणीशी अशी मैत्री करणारी घरमालकीण आमच्या चाळीत दाखवा, पेढे वाटतो.

१९५२च्या एका भागात दोघी चॉकलेटच्या कारखान्यात लागतात. पट्ट्यावरून येणारी वडी कागदात गुंडाळायची. एक जरी सुटली तरी नोकरी गेली! पट्टा सुसाट सुटतो. दोघी तोंडात, टोपीत, पोलक्यात वड्या कोंबतात. (घरी स्वयंपाकाला उभ्या राहिलेल्या नवऱ्यांचा भात तेवढ्यात पातेल्याबाहेर वाहतोय.) पण एकीनंही दुसरीकडे बोट दाखवलं नाही. आमच्या हापिसात एखादी फाईल हरवू द्या, मग बघा पुरुषांची मैत्री!