पापडापासून पैठणीपर्यंत

गेल्या संक्रांतीला आमच्या बचत गटानं गंगाखेडच्या बाजारात स्टॉल लावला. मी बी. ए. झालेली, म्हणून हँडबिल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मीही झोकात लिहिलं, 'पापडापासून पैठणीपर्यंत वस्तूंची वाईड रेंज! घरात लागणारं ए टू झेड एकाच ठिकाणी!' सगळ्याजणी खूश.

स्टॉलवर होतं काय? पापड, शेवया, तिळाचे लाडू, कापडी पिशव्या आणि एकीनं विकायला आणलेल्या दोन पैठण्या. खेड्यातून आलेल्या एक आजी काळा मसाला मागू लागल्या. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "समदं मिळतं म्हून लिवलं की तुमी!" मला खाली बघावं लागलं.

त्याहून वाईट पुढेच होतं. शेवया करणारी आमची मैत्रीण हळूच म्हणाली, "ताई, माझ्या शेवयांचं नावच नाही त्यात." दोन दिवस राबली होती बिचारी. माझ्या 'वाईड रेंज'नं गिऱ्हाईक तर फसलंच, पण तिचे कष्टही झाकले गेले.

मैत्रिणींनो, तेव्हापासून मी या शब्दांचा विचार करते आहे. आपल्या मराठीत व्याप्ती सांगणारे किती नेमके शब्द आहेत! आबालवृद्ध म्हणजे बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत. आसेतुहिमाचल म्हणजे दक्षिणेच्या रामसेतूपासून हिमालयापर्यंत. आमूलाग्र म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत. प्रत्येकात दोन टोकं आहेत, आणि ती एकाच ओळीतली आहेत. मधे काय येतं, ते न सांगता कळतं. पापड आणि पैठणी यांच्या मधे काय येतं? काहीच नाही! 'पन्नासपासून दोनशे रुपयांपर्यंतच्या पिशव्या' असं लिहिलं असतं, तर ते बरोबर होतं.

इंग्रजीतही 'वाईड रेंज' म्हणजे एका जातीच्या मालात भरपूर प्रकार. साड्यांच्या मोठ्या दुकानाला ते शोभतं. पाच वस्तूंच्या टेबलाला नाही. त्याचं 'विस्तृत श्रेणी' केलं, तरी माल काही वाढत नाही.

कुणी म्हणेल, जाहिरातीत एवढं चालतंच की! शहरात चालत असेल. आपल्या गावात आज फसलेलं गिऱ्हाईक उद्या हळदी-कुंकवाला समोर बसलेलं असतं.

संत जनाबाई आमच्या गंगाखेडच्या. त्यांच्या अभंगांत 'घरातली सर्व कामं' असं मोघम येत नाही. दळण येतं, कांडण येतं, झाडलोट येते. एकेका कामाला त्यांनी नाव दिलं, म्हणून ते कष्ट आजही आपल्याला दिसतात.

यंदाच्या हँडबिलात मी पाचच ओळी लिहिणार आहे. प्रत्येक ओळीत एक वस्तू, तिचा भाव आणि करणारीचं नाव. पहिली ओळ शेवयांची.